माइक वेबस्टर

मायकेल लुइस वेबस्टर (१८ मार्च १९५२ – २४ सप्टेंबर २००२) हे अमेरिकन फुटबॉल या खेळातील व्यावसायिक खेळाडू होते. नॅशनल फुटबॉल लीग अर्थात एनएफएलमध्ये ते १७ हंगाम खेळले. त्यांपैकी १५ हंगाम पिट्सबर्ग स्टीलर्स या संघाकडून, तर अखेरचे दोन कॅन्सस सिटी चीफ्स या संघाकडून. 'आयर्न माइक' म्हणजे पोलादी माइक या नावाने ते ओळखले जात. खेळाच्या इतिहासातील श्रेष्ठ सेंटरांमध्ये त्यांची गणना होते. परंतु आज त्यांचे नाव क्रीडाग्रंथांइतकेच वैद्यकीय ग्रंथांतही आढळते. एनएफएलच्या खेळाडूमध्ये क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी (सीटीई) हा मेंदूचा विकार प्रथम आढळला, तो त्यांच्या शवविच्छेदनात.

सेंटरची जागा

मराठी वाचकाला 'फुटबॉल' म्हटले की पायाने खेळायचा चेंडू आठवतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये लांबट, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू मुख्यतः हातांनी नेला वा फेकला जातो आणि खेळ छोट्या छोट्या चालींमध्ये विभागलेला असतो. चेंडू ज्याच्याकडे असतो त्या संघाच्या पुढच्या रांगेत पाच धिप्पाड खेळाडू वाकून उभे राहतात : मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड आणि त्यांच्या पलीकडे टॅकल. या फळीला 'ऑफेन्सिव्ह लाइन' म्हणतात. समोरून चाल करून येणाऱ्यांना अंगावर घेऊन थोपवणे आणि आपल्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्यास, किंवा चेंडू घेऊन धावणाऱ्याला वाट काढण्यास, अवधी मिळवून देणे हे तिचे काम.

सेंटरचे काम याहून अवघड असते. दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅकच्या हाती देऊन तो चालीचा आरंभ करतो आणि त्याच क्षणी समोरच्या प्रतिस्पर्ध्याला भिडतो. म्हणजे पहिला आघात येतो तेव्हा त्याचा एक हात अजून चेंडूवरच गुंतलेला असतो. प्रतिस्पर्ध्यांची मांडणी ओळखून उरलेल्या चौघांना सूचना देणे हेही त्याच्याकडेच असते. एवढे करून त्याच्या नावावर गुण लागत नाहीत, अंतर मोजले जात नाही. तो चुकला तरच प्रेक्षकांचे लक्ष त्याच्याकडे जाते. अशा जागेवरचा खेळाडू किती मोठा होता हे सांगण्यासाठी तो किती सामने उभा राहिला, हाच आकडा प्रामुख्याने हाती उरतो. वेबस्टर यांच्या बाबतीत हा आकडा नियमित हंगामांतील २४५ सामन्यांचा आहे.

प्रारंभ व कारकीर्द

वेबस्टर यांचा जन्म विस्कॉन्सिन राज्यातील टोमाहॉक येथे झाला. बालपण बटाट्याच्या शेतावर गेले. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संघात सेंटर म्हणून खेळल्यानंतर १९७४च्या खेळाडू निवडीत स्टीलर्सनी त्यांना पाचव्या फेरीत, एकूण १२५व्या क्रमांकावर घेतले. निवड इतकी उशिरा होण्याचे कारण त्यांची चण. सहा फूट एक इंच उंची आणि कारकिर्दीच्या भरात सुमारे ११६ किलो वजन सामान्य माणसाला पुष्कळ वाटेल. या जागेसाठी मात्र ते कमीच समजले जाई. ही उणीव त्यांनी व्यायामाने आणि वाकून उभे राहण्याच्या निर्दोष पवित्र्याने भरून काढली. त्याच निवडीतून लिन स्वान, जॅक लॅम्बर्ट आणि जॉन स्टॉलवर्थ हेही स्टीलर्सकडे आले. एकाच संघाने एकाच वर्षी निवडलेले चार खेळाडू पुढे 'हॉल ऑफ फेम'मध्ये जाण्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

पहिली दोन वर्षे अनुभवी रे मॅन्सफील्ड हे मुख्य सेंटर होते. १९७६पासून ती जागा वेबस्टर यांची झाली. प्रशिक्षक चक नोल यांच्या या संघाने १९७४, १९७५, १९७८ आणि १९७९ या हंगामांत सुपर बोल हा अंतिम सामना जिंकला आणि चारही वेळा वेबस्टर संघात होते. नऊ वेळा त्यांची 'प्रो बोल' या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड झाली. कडाक्याच्या थंडीतही उघड्या दंडांनी मैदानात उतरणारे वेबस्टर पिट्सबर्गच्या पोलाद कामगारांना आपल्यातलेच वाटत, यात नवल नाही.

१९८९मध्ये चीफ्सनी त्यांना प्रशिक्षक म्हणून बोलावले, पण ते पुन्हा खेळाडू म्हणूनच मैदानात उतरले. १९९०च्या हंगामानंतर ते निवृत्त झाले. १९९७मध्ये त्यांचा 'हॉल ऑफ फेम'मध्ये समावेश झाला; तेथे त्यांचा परिचय करून देण्याचा मान, ज्यांच्या हाती त्यांनी वर्षानुवर्षे चेंडू दिला होता, त्या टेरी ब्रॅडशॉ यांना मिळाला.

आघातांचा हिशेब

वेबस्टर यांच्या उमेदीच्या काळातील नियम येथे लक्षात घेतले पाहिजेत. चेंडू फेकला जात असताना थोपवणाऱ्याला हात पूर्ण पसरून, उघड्या पंजांनी प्रतिस्पर्ध्याला रोखण्याची मुभा १९७८पासून मिळाली. तोपर्यंत हात छातीशी आखडून खांद्याने आणि अपरिहार्यपणे डोक्यानेच टक्कर घ्यावी लागे. समोरच्याने शिरस्त्राणावर सणसणीत चपराक मारणेही १९७७पर्यंत नियमबाह्य नव्हते. एका सामन्यात साठ चाली धरल्या, तर २४५ सामन्यांच्या चाली चौदा-पंधरा हजारांच्या घरात जातात. राखीव म्हणून बाकावर घालवलेला काळ वजा केला तरी रोजच्या सरावातील टकरी त्यात मोजलेल्याच नाहीत. यांतील बहुतेक टकरी शुद्ध हरपण्याइतक्या जोराच्या नसत, म्हणूनच त्यांची नोंद कोणी ठेवली नाही.

निवृत्तीनंतर लवकरच स्मृतिभ्रंश, गोंधळलेपण, नैराश्य आणि असह्य वेदना यांनी त्यांना ग्रासले. पैसा गेला, संसार मोडला. काही काळ ते आपल्या गाडीत किंवा रेल्वे स्थानकावर झोपत. १९९९मध्ये औषधाच्या बनावट चिठ्ठ्यांवरून त्यांच्यावर खटलाही झाला. त्याच वर्षी एनएफएलच्या निवृत्तिवेतन मंडळाने त्यांचे पूर्ण अपंगत्व मान्य केले. मात्र ते खेळ सोडल्यानंतर उद्भवले असे ठरवून कमी दराचा लाभ दिला. ते निवृत्तीच्या वेळीच आलेले होते, हा त्यांचा दावा न्यायालयाने २००५मध्ये मान्य केला आणि २००६मध्ये अपिलातही तो कायम राहिला. तोवर वेबस्टर हयात नव्हते. २००२मध्ये, वयाच्या ५०व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे पिट्सबर्गमध्ये निधन झाले होते.

शवविच्छेदन नायजेरियात जन्मलेले विकृतिशास्त्रज्ञ बेनेट ओमालू यांनी केले. मेंदू वरवर पाहता निरोगी दिसत होता. तरीही त्यांनी तो जतन करून त्याचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि त्यांत टाउ या प्रथिनाचे अनैसर्गिक साठे आढळले. मुष्टियोद्ध्यांमधील अशा मेंदूविकाराचे वर्णन हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८मध्येच केले होते. फुटबॉल खेळाडूत तो दिसल्याचा निष्कर्ष नवा होता. ओमालू व सहकाऱ्यांचा लेख २००५मध्ये 'न्यूरोसर्जरी' या नियतकालिकात आला. एनएफएलच्या वैद्यकीय समितीतील तीन सदस्यांनी तो मागे घेण्याची लेखी मागणी केली. नियतकालिकाने लेख मागे घेतला नाही. ओमालू यांना पुढचा रुग्णही ऑफेन्सिव्ह लाइनमधलाच मिळाला : २००५मध्ये निधन पावलेले टेरी लाँग. १९८४ ते १९८८ या काळात ते स्टीलर्सच्या त्याच फळीत गार्ड म्हणून वेबस्टर यांच्यासोबत खेळले होते.

फुटबॉल आणि सीटीई यांचा संबंध एनएफएलच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने मार्च २०१६मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे प्रथमच उघडपणे मान्य केला. ओमालू यांच्या संशोधनावरील 'कन्कशन' (२०१५) या चित्रपटात वेबस्टर यांची भूमिका डेव्हिड मॉर्स यांनी केली आहे. वेबस्टर यांचा ५२ क्रमांक स्टीलर्सनी अधिकृतपणे निवृत्त केलेला नाही. मात्र त्यांच्यानंतर तो कोणाला दिलेलाही नाही.