तालुक्याच्या कोर्टातील वकिली

काळा कोट, गळ्यात पांढरा बँड आणि हातात कायद्याचे जाड पुस्तक एवढ्यावरून आपल्या लोकांनी वकिलीची कल्पना केलेली असते. सिनेमाने त्यात जोरजोरात भाषणे करण्याची भर घातली आहे. आम्ही तालुक्याच्या कोर्टात वकिली करणारी मंडळी. आमच्या कामात भाषणाला फारसा वाव नाही. निम्मा दिवस सातबारा, फेरफार, जुन्या नोंदींच्या नकला आणि बेलिफाचा पाठपुरावा यांतच जातो. हे काम नेमके कसे चालते, आणि त्यात आपल्या समाजाचे हित कुठे गुंतले आहे, हे सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

तालुक्याच्या ठिकाणी सामान्यतः दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) हेच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी असतात. त्यामुळे सकाळी ज्या खुर्चीसमोर चोरीच्या आरोपीचा रिमांड होतो, त्याच खुर्चीसमोर दुपारी वाटपाचा दावा चालतो. वकिलालाही तसेच सर्व अंगाचे व्हावे लागते. मुंबई-पुण्यात दिवाणी, फौजदारी, करविषयक असे वेगवेगळे वकील असतात. आमच्याकडे एकच वकील पोटगीचा अर्ज देतो, चेक न वटल्याची नोटीस पाठवतो, जामीन करतो आणि वेळ पडली तर शेतरस्त्यासाठी मामलेदार कोर्टाच्या १९०६ च्या कायद्याखाली तहसीलदारांपुढेही उभा राहतो. तहसील कचेरी आणि कोर्ट या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हेच पुष्कळ पक्षकारांना ठाऊक नसते. दोन्हीकडे तारीख पडते, दोन्हीकडे स्टँप लागतो, मग फरक तो काय, असे त्यांना वाटते.

आपल्या वस्तीतून येणारे सर्वांत गुंतागुंतीचे प्रकरण म्हणजे वतनाची जमीन. १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील कनिष्ठ गाव वतने नाहीशी झाली आणि महार वतनाच्या जमिनी ठराविक रक्कम भरून वतनदारांना पुन्हा देण्याची तरतूद झाली. परंतु त्या नवीन व अविभाज्य शर्तीवर मिळाल्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून त्यांची विक्री करता येत नाही. महसुली दप्तरात जुनी नोंद ‘इनाम वर्ग ६ ब’ अशी सापडते व सातबारावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले असते. उताऱ्यावर तीस-चाळीस नावे, त्यांतील निम्मे मयत, वारसनोंद झालेली नाही, आणि कसणारा भलताच. विचारले तर उत्तर मिळते, ‘साहेब, आजोबांनी लग्नासाठी हजार रुपये घेतले होते, तेव्हापासून त्यांच्याकडेच आहे.’

आता हे देणे खरेदी होते, गहाण होते की नुसता खंड होता, यावर सारा दावा अवलंबून असतो. गहाण असेल तर ते सोडवून घेण्यास ३० वर्षांची मुदत आहे. खरेदी म्हणावी तर नोंदणी केलेले खरेदीखत हवे आणि परवानगीचा हुकूम हवा. जुन्या शंभराच्या स्टँपवर पाटलाच्या पडवीत बसून लिहिलेल्या कागदाने मालकी जात नाही. पण कबजा मात्र गेलेला असतो, आणि कबजा गेल्याला किती वर्षे झाली हा प्रश्न समोरचा वकील पहिल्याच दिवशी काढतो. म्हणून आम्ही आधी दावा लिहीत नाही, आधी फेरफार काढतो. सातबारा हा मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. त्यातील नोंद खरी आहे असे धरून चालतात, पण विरुद्ध पुरावा आला की ते गृहीत ढासळते. नोंद कोणत्या फेरफाराने आली, तो कोणी मंजूर केला, वारसांना नोटीस गेली होती काय, हे पाहिल्याशिवाय कोर्टात पाऊल टाकणे म्हणजे अंधारात विहिरीत उतरणे होय. अभिलेख कक्षातील मोडी कागद वाचणारा माणूस मिळणे अलीकडे कठीण झाले आहे, हेही सांगितले पाहिजे.

दुसरा विषय मुलींच्या हिश्शाचा. आपण बौद्ध, तर हिंदू वारसा कायदा आपल्याला कसा, असे पुष्कळजण विचारतात. १९५६ चा तो कायदा बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे, असे त्यातच लिहिलेले आहे. महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ही अट गेली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही. कायदा इथवर आला, पण दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर आम्ही काय पाहतो? भाऊ सकाळी जीप करून बहिणींना आणतो, चहा-वडापाव होतो आणि हक्कसोडपत्रावर अंगठे उठतात. कागदात काय लिहिले आहे हे बहिणीला कोणी वाचून दाखवत नाही. धम्माच्या व्यासपीठावर समतेची भाषा करणारे कार्यकर्तेही यात असतात, हे लिहिताना आम्हाला संकोच वाटत नाही. बहिणीने राजीखुशीने हक्क सोडला तर तिला कोणी अडवू शकत नाही. परंतु तिला आधी तो हक्क आहे हे तरी कळले पाहिजे.

अत्याचार प्रतिबंधक कायद्याची प्रकरणे संख्येने थोडी, पण वकिलाची खरी परीक्षा पाहणारी. १९८९ च्या या कायद्याचा तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाचा असतो. खटला सरकारी वकील चालवतात. तरीही फिर्यादीला स्वतःचा वकील लागतो, कारण २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने पीडिताला म्हणणे मांडण्याचा हक्क दिला आहे. आरोपीच्या जामीन अर्जाची खबर फिर्यादीला मिळालीच पाहिजे. ती मिळत नाही, तेव्हा आम्हाला अर्ज द्यावा लागतो. ‘तुम्ही बौद्ध, मग अनुसूचित जातीचे कसे?’ हा बचाव अजूनही अधूनमधून ऐकू येतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या यादीत स्थान मिळालेले आहे, त्यामुळे दाखला फिर्यादीसोबत असला की हा मुद्दा तिथेच मिटतो. अडचण येते ती साक्षीदारांची. ज्याच्या शेतात रोजगार आहे त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची असते. दोन वर्षांनी साक्षीची वेळ येईपर्यंत पंच फितूर झालेला असतो.

आणि वकिलाचे काय? शहरात खटला संपला की वकील घरी जातो. इथे आरोपीचा चुलता आमच्या कार्यालयाच्या गाळ्याचा मालक असतो, त्याचा मेहुणा पतपेढीचा संचालक असतो. गाळा खाली करा, असे थेट कोणी म्हणत नाही. भाडे मात्र वाढते. उलट बाजूने आपली माणसे म्हणतात, ‘तुम्ही आपले, तुम्हाला फी कसली?’ या दोन्हींच्या मधून संसार चालवायचा असतो. फी हप्त्याने येते, उसाचे बिल आले तर येते, नाही तर ज्वारीचे पोते येते. जिंकल्यावर जमिनीतला हिस्सा देतो, असे सांगणारेही भेटतात, पण दाव्याच्या निकालावर वाटा ठरवणे वकिलाला नियमाने मना आहे.

तारखांचा सर्वांना कंटाळा येतो, तो रास्तच आहे. समन्स बजावून येत नाही, न्यायाधीशांची बदली होते, वकील मुद्दाम मुदत मागतात. तरीही पुरावा नीट ठेवला तर लांबलेला दावा वाया जात नाही. चवदार तळ्याचा दावा महाडच्या कोर्टात डिसेंबर १९२७ मध्ये दाखल झाला. त्यात बाबासाहेब स्वतः प्रतिवादी होते. तात्पुरत्या मनाई हुकुमामुळे त्या वेळचा सत्याग्रह त्यांनी स्थगित केला, हुकूम मोडला नाही. अखेर १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने निकाल दिला. अस्पृश्यांना तळे बंद ठेवण्याची रूढी अनादिकालापासून चालत आली, हे वादींना सिद्ध करता आले नाही, आणि दावा त्यावर गेला. तालुक्याच्या कोर्टात नोंदवलेला पुरावा दहा वर्षांनी मुंबईत उपयोगी पडला. आता सातारा, सांगली, सोलापूरसह सहा जिल्ह्यांसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसते आहे. अपिलासाठी मुंबईची रात्रगाडी धरण्याचा खर्च त्यामुळे वाचला.

समाजातील मुलामुलींनी या व्यवसायात यावे काय, असे पालक विचारतात. यावे, पण पहिली चार-पाच वर्षे घरातून आधार लागेल हे धरून यावे. कनिष्ठ वकिलाला ज्येष्ठाकडे मिळणारे मानधन अनेकदा एसटीच्या पासापुरतेच असते. सनदेच्या शुल्काचा बोजा मात्र हलका झाला आहे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले की सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराकडून १२५ रुपये यापेक्षा अधिक नोंदणी शुल्क घेता येणार नाही. त्यापूर्वी निरनिराळ्या राज्यांत कितीतरी हजार रुपये घेतले जात.

ज्यांना वकिलाची फी परवडत नाही, त्यांनी कोर्टाच्या आवारातच असलेल्या तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्यावा. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती आणि कोणतीही स्त्री यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जातीचा दाखला व ओळखपत्र सोबत असावे. वकिलाकडे प्रथम येताना सातबारा, आठ-अ, सापडतील तेवढे जुने फेरफार आणि आलेली प्रत्येक नोटीस तिच्या पाकिटासह आणावी, कारण मुदत पाकिटावरील तारखेवरून मोजावी लागते. मूळ कागद घरी ठेवून झेरॉक्स द्यावी. दावा दाखल झाल्यावर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मागून घ्यावा. घरातील शाळकरी मूलही त्यावरून मोबाईलवर पुढची तारीख पाहू शकते, आणि तारीख विचारण्यासाठी मजुरी बुडवून तालुक्याला यावे लागत नाही.