स्टेअरिंग हाती येण्याआधी

जॉइनिंगच्या आदल्या रात्री शर्टला इस्त्री मारली की तयारी झाली, असं वाटतं ना? मग हे वाचा. २०१९ मध्ये एसटीने महिला चालकांची भरती केली. त्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या २१ आदिवासी तरुणी होत्या. बस शिकायची तर कायद्यानेच हलक्या वाहनाचं लायसन्स वर्षभर जुनं लागतं. म्हणजे आधी छोटी गाडी! त्यात कोरोना आला, प्रशिक्षण रखडलं. राज्यात सासवड-नीरा मार्गावर एसटीचं स्टेअरिंग बाईच्या हाती दिसलं ते थेट जून २०२३ मध्ये. तोवर ‘लागली का नोकरी?’ विचारणाऱ्यांना काय सांगायचं, हे कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. तुमच्या हाती निवडपत्र आलं की पेढे वाटा, पण लगेच विचाराही: ट्रेनिंग किती महिने, तोवर स्टायपेंड किती आणि पगार कोणत्या तारखेपासून?