मावसभाऊ



गेल्या नाताळात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. सुमारे वीस वर्षांपूर्वी तो बेळगावच्या एका शाळेत माझ्या वर्गात होता. आता तो मुंबईत नोकरी करतो, बोरिवलीच्या बाजूला भाड्याच्या घरात राहतो आणि गणपतीला व दिवाळीला न चुकता आपल्या गावी येतो. चहा झाला, शाळेच्या आठवणी निघाल्या आणि आपल्याकडे अशा वेळी जो प्रश्न हमखास विचारला जातो तोच मीही विचारला, ‘‘मग, लग्न कधी?’’ तो क्षणभर थांबला आणि शांतपणे म्हणाला, ‘‘सर, मी सहा वर्षांपासून एकाबरोबर संसार करतो आहे. घरमालकाला आम्ही मावसभाऊ म्हणून सांगितले आहे.’’

त्या एका वाक्यात एका माणसाचे सारे शहरी जीवन सामावलेले होते. आज मी त्याच जीवनाविषयी बोलणार आहे. आपल्या बेळगावातून, गोव्यातून, इंदूर-बडोद्याकडून दरवर्षी कितीतरी मुले मुंबईस जातात. त्यांत काही अशी असतात, आणि त्यांच्याविषयी आपण घरी एक शब्दही बोलत नाही.

प्रथम शब्दाचा अर्थ स्पष्ट करू. ज्या पुरुषाच्या मनाची व शरीराची ओढ पुरुषाकडेच असते त्यास समलिंगी म्हणतात. इंग्रजीतला ‘गे’ हा शब्दही आता मराठीत रुळला आहे. असा पुरुष स्वतःस पुरुषच मानतो. तृतीयपंथीयांचा प्रश्न निराळा आहे, आणि या दोहोंची गल्लत झाल्याने दोघांवरही अन्याय होतो. ही ओढ म्हणजे व्यसन नव्हे, आणि रोगही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली रोगांच्या यादीतून तिला वगळले. २०१८ साली भारतातील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही तो आजार नसल्याचे जाहीर केले. ‘उपचार करून सरळ करतो’ असे सांगणारे वैद्य अजूनही भेटतात. परंतु २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले आहे. तेव्हा अशा मुलाला घेऊन कोणी दवाखान्याच्या किंवा बाबा-बुवांच्या दारी जात असेल, तर तो पैसा आणि त्या मुलाचे मनःस्वास्थ्य दोन्ही गमावतो.

आता असा प्रश्न पडेल की, अशा माणसाला शहरच का हवे? त्याचे उत्तर साधे आहे. गावात प्रत्येकाला प्रत्येकाचा पत्ता ठाऊक असतो, तर शहरात शेजाऱ्याचे आडनावही ठाऊक नसते. ज्याला लपून राहावे लागते त्याला हे अनोळखीपण म्हणजे मोकळी हवाच वाटते. तरीही ती हवा पूर्ण मोकळी नसते. माझा विद्यार्थी सांगत होता की, मुंबईत अविवाहित पुरुषास घर मिळणे कठीण असते. अनेक सोसायट्या ‘फॅमिली’ हवी म्हणतात. मात्र दोन पुरुषांनी मिळून घर घेतले तर संशय कोणालाच येत नाही. ते मित्र आहेत, भाडे वाटून घेतात, एवढेच लोक समजतात. आपल्या देशात दोन पुरुष खांद्यावर हात टाकून चालले तर कोणी वळूनही पाहत नाही. म्हणजे एका परीने समाजच त्यांना आडोसा देतो. पण त्या आडोशाचे भाडे त्यांना खोटे बोलून भरावे लागते, आणि ते अकरा महिन्यांच्या करारापुरते नसते, रोजचे असते.

हे रोजचे खोटे कसे असते ते पाहा. गावाहून आई येणार असे कळले की भिंतीवरचे दोघांचे छायाचित्र काढून कपाटात जाते. दुसऱ्या खोलीत एक जादा गादी अंथरली जाते. ती एरवी कोणी वापरत नाही, पण ती वापरात आहे असे दिसावे म्हणून तिच्यावरची चादर मुद्दाम थोडी विस्कटून ठेवतात. कचेरीत दिवाळीच्या समारंभाचे आमंत्रण ‘सहकुटुंब’ येते, आणि हा एकटा जातो. सोमवारी सहकारी विचारतात, ‘‘रविवारी काय केलेस?’’ तेव्हा ‘आम्ही’ या शब्दाच्या जागी ‘मी’ घालून सारी हकीकत सांगावी लागते. तो म्हणाला, ‘‘सर, तुम्ही आम्हाला व्याकरण शिकवलेत, पण एकवचनाचा एवढा सराव मला मुंबईने करून दिला.’’

त्या दोघांच्या दिवसात मात्र विलक्षण असे काहीच नाही. सकाळी आधी उठेल तो दूध तापवतो. एकाला अंधेरीस उतरायचे असते, दुसऱ्याला दादरला. स्वयंपाक आळीपाळीने होतो आणि आमटीत गूळ किती घालावा यावरून वाद होतो. शनिवारी-रविवारी मित्र जमतात. एखादा आजारी पडला तर हेच मित्र डबा पोहोचवतात, दवाखान्यात रात्र काढतात. ज्याला घरच्यांनी दूर केले त्याची दिवाळीही यांच्याकडेच होते. रक्ताच्या नात्याने जे करावयाचे ते येथे मैत्री करते.

हे मित्रमंडळ एका दिवसात उभे राहिलेले नाही. पूर्वी शहरातील अशी माणसे बागेच्या कोपऱ्यात, रेल्वे स्थानकावर, काळोखात एकमेकांस ओळखत आणि उजेड होण्याआधी पांगत. १९९० साली पत्रकार अशोक राव कवी यांनी मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढले, तेव्हा अनेकांना प्रथमच कळले की आपण एकटे नाही. १९९४ साली ‘हमसफर ट्रस्ट’ ही संस्था निघाली. एड्सच्या साथीच्या त्या भयाण दिवसांत तिने आरोग्याचे फार मोठे काम केले. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन केला आणि या विषयावर मराठीतून सातत्याने लेखन केले. बडोद्यातील श्रोत्यांना ‘लक्ष्य ट्रस्ट’चे नाव माहीत असेल. राजपीपळ्याच्या राजघराण्यातील मानवेंद्रसिंह गोहिल तिच्या कार्यामागे आहेत. साहित्यातही हा विषय अगदीच अस्पर्श राहिलेला नाही. विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ या नाटकात एका स्त्रीच्या बाबतीत तो मांडला, तर सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही मराठी कादंबरी २००६ साली प्रसिद्ध झाली. २००८ पासून मुंबईत अभिमानयात्रा निघू लागली, आणि २०१० पासून ‘कशिश’ हा चित्रपट महोत्सव भरू लागला.

आता कायद्याकडे वळू. इंग्रजांनी १८६० साली केलेल्या भारतीय दंडसंहितेत कलम ३७७ होते. ती संहिता १८६२ पासून अमलात आली. निसर्गक्रमाविरुद्धच्या संबंधास या कलमाने जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितली होती. खटले थोडे होत, परंतु धमकी पुष्कळ चाले. ‘पोलिसांत सांगेन’ एवढे म्हणून पैसे उकळणारे जागोजाग होते. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते हे कलम निष्प्रभ केले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की, प्रौढांचे खासगीतील संमतीचे संबंध हा गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर असे कलमच नाही.

म्हणजे सारे प्रश्न सुटले काय? तसे नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे नाकारले आणि तो विषय संसदेकडे सोपविला. याचा अर्थ, दोघे तीस वर्षे एका छपराखाली राहिले तरी कायद्याच्या दृष्टीने ते परकेच. एकजण अपघातात सापडला तर शस्त्रक्रियेच्या कागदावर सही कोणाची घ्यायची, हा प्रश्न दवाखान्यात उभा राहतो. मृत्यू झाला तर घरातील वस्तूंवर हक्क दूरच्या पुतण्याचा, सोबत्याचा नव्हे. यावर आज जे उपाय हाती आहेत ते कागदाचे आहेत. मृत्युपत्र करून त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. बँकेत नामनिर्देशन करावे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रालयाने स्पष्ट केले आहे की, अशा जोडीदारांना संयुक्त खाते उघडण्यास किंवा एकमेकांस नामनिर्देशित करण्यास कोणतीही आडकाठी नाही. माझ्या विद्यार्थ्याने हे दोन्ही केले आहे. त्या कागदांवर मात्र त्याने ‘मावसभाऊ’ लिहिलेले नाही, ‘मित्र’ असे लिहिले आहे. त्याने जगासमोर उच्चारलेला हा पहिला खरा शब्द, असे तो हसत म्हणाला.

आणखी एका धोक्याविषयी सांगितलेच पाहिजे. आता ओळखी मोबाइलवरून होतात. त्यात काही लुटारूही असतात. भेटीस बोलावून मारहाण करणे, छायाचित्रे काढणे आणि ‘घरी कळवीन’ अशी धमकी देऊन पैसे घेणे, असे प्रकार घडतात. कायदा बदलला, तरी ही धमकी अजून चालते. कारण अशा मुलाला पोलिसांपेक्षा वडिलांची भीती अधिक वाटते. लुटारूच्या हातातले खरे शस्त्र हे आपल्या घरातले मौनच असते.

मी कॅथलिक आहे, म्हणून माझ्या धर्माविषयीही प्रांजळपणे बोलले पाहिजे. आमची ख्रिस्तसभा अशा संबंधांस मान्यता देत नाही, आणि विवाह स्त्री-पुरुषांचाच मानते. हे मी झाकून ठेवणार नाही. पण तीच ख्रिस्तसभा आपल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात बजावते की, या व्यक्तींचा आदराने, करुणेने व हळुवारपणे स्वीकार करावा आणि त्यांच्याशी अन्याय्य भेदभाव करू नये. २०१३ च्या निकालानंतर मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओसवाल्ड ग्रेशियस यांनी या लोकांना गुन्हेगार मानू नये, असे सांगितले होते. पोप फ्रान्सिस यांनीही जानेवारी २०२३ मध्ये समलिंगी असणे हा गुन्हा नव्हे, असे स्पष्ट म्हटले होते. गोव्यातील श्रोत्यांना कोलवाळचे वेषभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स आठवत असतील. ते आपल्या सोबत्याबरोबर उघडपणे राहिले, त्यांनी कुणबी साडीला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२० साली ते वारले. असे उघड जगणे त्यांना साधले त्यात त्यांच्या धैर्याचा वाटा होता, तसा कीर्तीचा आणि सुस्थितीचाही होता. महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या मुलाला ते तितके सोपे नसते, हे विसरून चालणार नाही.

तर मग आपण काय करावे? मोठी क्रांती नको. तीन लहान गोष्टी पुरेत. पहिली, मुलगा लग्नास नाही म्हणत असेल तर त्याचे बळेच लग्न लावू नये. ‘लग्न झाले की सुधारेल’ या आशेपायी एका निरपराध मुलीचेही आयुष्य मातीमोल होते. तिचा दोष काय? दुसरी, घरात या विषयावरचे हलके विनोद बंद करावेत. आपण कोणाला हसतो हे मुले लक्षात ठेवतात आणि पुढे कोणापाशी बोलायचे नाही ते त्यावरून ठरवतात. तिसरी, मुलाने धीर करून काही सांगितलेच, तर त्या दिवशी उपदेश करू नये. ‘जेवलास का?’ एवढे विचारावे.

दुसऱ्या गोष्टीविषयी मी अधिकाराने बोलतो, कारण तो अपराध माझ्याच हातून घडला आहे. हा मुलगा आठवीत असताना कविता फार नाजूक स्वरात म्हणे. एकदा मी भर वर्गात त्याची नक्कल केली. वर्ग खदखदून हसला, आणि माझ्या विनोदबुद्धीवर मी खूश झालो. त्यानंतर त्या मुलाने वर्षभर उभे राहून कविता म्हटली नाही. त्याचे कारण शोधावे असे मला वाटले नाही. त्या नाताळात मी त्याला विचारले, ‘‘तुला ते आठवते का?’’ तो म्हणाला, ‘‘आठवते, सर. मुंबईला जायचे मी त्याच दिवशी ठरवले.’’ मी त्याची क्षमा मागितली. त्याने माझा हात हातात घेतला, पण ‘काही हरकत नाही’ असे तो म्हणाला नाही. त्याने ते म्हणू नये, हेच योग्य होते.

त्याच्या आईला आता सारे ठाऊक आहे. वडिलांना अजून सांगितलेले नाही. मागच्या खेपेस आई मुंबईहून परतताना म्हणाली, ‘‘पुढल्या वेळी ती जादा गादी घालू नका, उगीच धुवायची चादर वाढते.’’ याहून अधिक ती काही बोलली नाही. पण ते छायाचित्र आता कपाटात जात नाही.

पुढच्या नाताळात दोघांनी मिळून माझ्याकडे जेवायला यावे, असे मी त्याला सांगितले आहे. माझ्या घरी ते मावसभाऊ म्हणून येणार नाहीत.