नकाशा आला ॲपमध्ये!

मुलामुलींनो, एक प्रश्न विचारते, झटकन उत्तर द्यायचं बरं का! मोबाइलवरचा नकाशा तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. दोन बोटं फाकवली की गल्लीबोळ दिसायला लागतात आणि बोटं जवळ आणली की अख्खा देश मुठीत. मग हा एवढा मोठा नकाशा मोबाइलमध्ये ठेवलेला असतो कुठे?

“मोबाइलच्या आत!” असं म्हणालात ना? तिथेच तर गंमत आहे. बहुतेक वेळा तो आत नसतोच. आपण बघतो तेवढाच तुकडा त्या क्षणी दुरून मागवला जातो. हे काम कसं चालतं ते समजून घ्यायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे स्वतःच एका ॲपमध्ये नकाशा बसवून पाहणं. तर चला, आपण एक छोटं ॲप करू या. त्याचं नाव ‘आमचं गाव’. त्यात गावाचा नकाशा असेल आणि त्यावर शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी, एसटीचा थांबा यांच्या खुणा असतील. मोठ्या मुलांनी शाळेतल्या कॉम्प्युटरवर खरंच करून पाहावं. लहानांनी नुसतं वाचलं तरी चालेल.

एकदा लिहा, दोन्हीकडे चालवा

पहिली अडचण अशी, की कोणाकडे अँड्रॉइडचा फोन असतो, तर कोणाकडे आयफोन. या दोघांच्या भाषा वेगळ्या. अँड्रॉइडसाठी जावा नाहीतर कॉटलिन या भाषेत लिहायचं आणि आयफोनसाठी स्विफ्ट भाषेत. म्हणजे एकच निमंत्रणपत्रिका मराठीत लिहायची आणि पुन्हा कानडीतही लिहायची. दुप्पट काम!

यावर उपाय म्हणून काही साधनं निघाली. त्यांतलं एक म्हणजे गूगलने तयार केलेलं फ्लटर. त्याची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली. फ्लटरमध्ये डार्ट नावाच्या भाषेत एकदाच लिहायचं. त्यातून अँड्रॉइडचंही ॲप तयार होतं आणि आयफोनचंही. फक्त आयफोनचं ॲप बांधताना ॲपलचा मॅक कॉम्प्युटर लागतो, एवढं लक्षात ठेवा.

आता नकाशा. तो सरकवणं, लहानमोठा करणं हे सगळं आपण मुळापासून लिहायला बसलो तर वर्ष जाईल. घर बांधताना आपण विटा घरी भाजतो का? तयार आणतो. तशीच कॉम्प्युटरच्या जगात तयार कामाची गाठोडी मिळतात. त्यांना लायब्ररी म्हणतात. नकाशासाठी फ्लटर_मॅप नावाची एक लायब्ररी आहे. ती फुकट मिळते आणि तिची आतली रचनाही कोणालाही वाचता येते.

ती आणायची कशी? प्रत्येक फ्लटर ॲपमध्ये पबस्पेक नावाची एक फाइल असते. ही म्हणजे ॲपची किराणा यादी समजा. या यादीत दोन नावं घालायची, एक फ्लटर_मॅप आणि दुसरं लॅटलाँग२. पहिलं नकाशा काढतं, दुसरं अक्षांश-रेखांश सांभाळतं. यादी दिली की कॉम्प्युटर दोन्ही जिन्नस घेऊन येतो.

चौकोनांची गोधडी

लायब्ररी आली, पण अजून पडदा रिकामाच! कारण लायब्ररीजवळ नकाशा नसतो, तिच्याजवळ नकाशा मांडायची युक्ती असते. नकाशा येतो चौकोनांमधून. या चौकोनांना टाइल म्हणतात. आपल्या फरशीच्या टाइल्स असतात ना, तशाच. प्रत्येक टाइल २५६ ठिपके रुंद आणि २५६ ठिपके उंच असते.

झूम शून्य असताना सगळं जग एकाच टाइलवर असतं. झूम १ केला की त्या टाइलच्या चार टाइल होतात. झूम २ ला सोळा. झूम ३ ला चौसष्ट. दर पायरीला चौपट! वही घ्या आणि करत जा. झूम १० ला १०,४८,५७६ टाइल होतात आणि झूम १६ ला ४२९ कोटींच्याही वर. घाबरलात? घाबरू नका. आपल्या पडद्यावर मावतात दहा-वीस. लायब्ररी तेवढ्याच मागवते आणि गोधडीसारख्या एकमेकींना जोडून दाखवते. झूम १६ ची एक टाइल आपल्या महाराष्ट्रात साधारण ५८० मीटर जागा दाखवते. म्हणजे एखादं छोटं गाव दोन-चार टाइलमध्ये बसतं.

प्रत्येक टाइलला घरनंबर असतो आणि त्यात तीन आकडे असतात. झेड म्हणजे झूम, एक्स म्हणजे डावीकडून कितवी, वाय म्हणजे वरून कितवी. मोजायला सुरुवात मात्र शून्यापासून करायची. झूम ३ ला आपला महाराष्ट्र एक्स ५, वाय ३ या टाइलवर येतो. ॲपमध्ये आपण टाइल देणाऱ्याचा पत्ता लिहितो आणि या तीन आकड्यांच्या जागा मोकळ्या सोडतो. बोट फिरेल तसे लायब्ररी त्या जागा भरते.

झूम शून्याची टाइल नीट पाहिलीत तर ग्रीनलँड जवळजवळ आफ्रिकेएवढं दिसेल. खरं तर आफ्रिका त्याच्या १४ पट मोठी आहे! गोल पृथ्वी चौकोनावर पसरायची म्हणजे कुठेतरी ताणावीच लागते. जेरार्डस मर्केटरने १५६९ मध्ये खलाशांसाठी जी पद्धत काढली, तिचीच ही वंशज. दिशा बरोबर राहतात, पण ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात.

पुणं गेलं बर्फात!

आता नकाशा उघडल्यावर मधोमध काय दिसावं ते सांगायचं. त्यासाठी गावाचे अक्षांश आणि रेखांश द्यायचे. पुण्याचे घेऊ. अक्षांश १८.५२ उत्तर, रेखांश ७३.८६ पूर्व. आपल्या लायब्ररीला अक्षांश आधी लागतात. पण नकाशाच्या माहितीच्या काही फाइली, उदाहरणार्थ जिओजेसन, रेखांश आधी लिहितात. तिथून आकडे जसेच्या तसे उचलले की अदलाबदल झालीच म्हणून समजा.

मग काय होतं? पुणं जाऊन पडतं ७३.८६ उत्तर आणि १८.५२ पूर्व इथे, म्हणजे नॉर्वेच्याही उत्तरेला, थंडगार समुद्रात! जवळचं बेट कोणतं, तर ब्यॉर्नोया, म्हणजे अस्वल बेट. आणि कॉम्प्युटर चकार शब्द काढत नाही, कारण ७३ अंश अक्षांश पृथ्वीवर खरोखरच आहे. म्हणून ॲपमध्ये सगळीकडे निळंच दिसलं तर आधी हे दोन आकडे तपासा.

यानंतर खुणा. नकाशावर एक पारदर्शक कागद ठेवल्यासारखा खुणांचा वेगळा थर असतो. शाळेचा बिंदू द्यायचा आणि तिथे टाचणीचं चित्र लावायचं. इथेही एक खोच आहे. काही सांगितलं नाही तर लायब्ररी चित्राचा मधला भाग बिंदूवर ठेवते. पण टाचणीचं टोक असतं खाली! मग झूम कमी करताना टाचणी शाळेवरून सरकून शेजारच्या ओढ्यात गेल्यासारखी दिसते. यासाठी चित्र वर उचलून टोक बिंदूवर टेकवायला सांगायचं.

परवानगी, ओळख आणि आभार

दुसऱ्याच्या घरी जाताना आपण काय करतो? दार वाजवतो, नाव सांगतो आणि निघताना आभार मानतो. नकाशाचंही तसंच आहे.

आधी परवानगी. अँड्रॉइडचं ॲप इंटरनेट वापरणार असेल तर ते मॅनिफेस्ट नावाच्या फाइलमध्ये लिहावं लागतं. फ्लटर ही ओळ तपासणीच्या ॲपमध्ये आपण होऊन घालतं, पक्क्या ॲपच्या मुख्य फाइलमध्ये घालत नाही. त्यामुळे कॉम्प्युटरला जोडलेल्या फोनवर नकाशा झक्कास दिसतो आणि तयार ॲप मैत्रिणीला दिलं की नुसते कोरे चौकोन! ‘मी आत्ता कुठे आहे’ हे दाखवायचं असेल तर फोनच्या मालकाला वेगळं विचारावं लागतं आणि आयफोनमध्ये त्याचं कारणही लिहावं लागतं. ते योग्यच आहे. कोण कुठे आहे ही ज्याची त्याची खासगी गोष्ट असते. आपल्या ॲपला त्याची गरज नसेल तर विचारूच नये.

मग ओळख. आपण ज्या टाइल मागवणार आहोत त्या ओपनस्ट्रीटमॅप या प्रकल्पाच्या. त्यांचे कॉम्प्युटर देणग्यांवर चालतात. ‘मी अमुक ॲप आहे, टाइल द्या’ असं प्रत्येक मागणीबरोबर सांगावं, अशी त्यांची अट आहे. लायब्ररीत त्यासाठी एक जागा आहे, तिथे ॲपचं नाव लिहायचं. आणि एक सक्त नियम म्हणजे, अख्ख्या जिल्ह्याच्या टाइल एकदम उतरवून साठा करायचा नाही. पाणपोईवर तहान भागवावी, टँकर भरून नेऊ नये!

काही कंपन्यांचे नकाशे वापरायला एक गुप्त किल्ली लागते. ती पैशांच्या खात्याला जोडलेली असू शकते. अशी किल्ली मिळाली तर घराच्या किल्लीसारखी जपायची, चारचौघांत ठेवायची नाही.

शेवटी आभार. नकाशाच्या कोपऱ्यात ‘ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते’ असं लिहिणं बंधनकारक आहे. हे योगदानकर्ते कोण? पगारी नोकर नव्हेत. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी हा प्रकल्प सुरू केला. तेव्हापासून जगभरची साधीसुधी माणसं आपापल्या गावाचे रस्ते, पूल, दवाखाने त्यात भरत आली आहेत.

“बाई, आमची वाडी कुठाय?”

एवढं सगळं नीट केलं, नकाशा उघडला, खुणा लागल्या. आणि वर्गातलं एखादं मूल विचारतं, “बाई, आमची वाडी कुठाय?” बघावं तर तिथे नुसता फिकट रंग. ना रस्ता, ना नाव. लायब्ररी बिघडली का? नाही. तिने चौकोन अगदी बरोबर मांडले आहेत. त्या चौकोनावर वाडी कोणी काढलेलीच नाही.

“त्यात काय बिघडलं?” असं कोणी म्हणेल. तर ऐका. १२ जानेवारी २०१० रोजी हैती या देशात मोठा भूकंप झाला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स कोसळली. मदत घेऊन माणसं धावली, पण जायचं कुठून? कामाला येईल असा नकाशाच नव्हता. तेव्हा देशोदेशींचे शेकडो स्वयंसेवक आपापल्या घरी कॉम्प्युटरपुढे बसले. आकाशातून घेतलेले फोटो पाहून त्यांनी रस्ते काढले, पडलेल्या इमारती आणि लोकांच्या छावण्या दाखवल्या. काही दिवसांत कोऱ्या जागी शहर उमटलं. बचाव पथकांनी तोच नकाशा हातातल्या यंत्रांत घालून वापरला.

रात्री-अपरात्री आपल्या वाडीत कोणाला साप चावला, तर रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला रस्ता दिसायला हवा ना? तो रस्ता पुण्या-मुंबईत बसलेल्या माणसाला कसा ठाऊक असणार? ओढ्यावरचा साकव कुठे आहे, पावसाळ्यात कोणती वाट बंद होते, हे तुम्हालाच माहीत. म्हणून सांगते, ॲपमध्ये नकाशा बसवणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं गावातच करावं लागतं.

करून पाहा

चौघांचा गट करा. कोरा कागद घ्या आणि गावात फेरी मारा. शाळा, दवाखाना, पिण्याच्या पाण्याची जागा, पूल, वाड्यांची नावं टिपून घ्या. नावं गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून पक्की करा. मग सर, बाई किंवा आई-बाबांना बरोबर घेऊन ओपनस्ट्रीटमॅप उघडा आणि जे नाही ते त्यांच्या मदतीने भरा. दोन गोष्टी मात्र पाळायच्या. दुसऱ्या नकाशातून नक्कल करायची नाही, कारण तो कोणाच्या तरी मालकीचा असतो. आणि कोणाच्या घरावर माणसाचं नाव किंवा फोन नंबर लिहायचा नाही, स्वतःचाही नाही.

भरलेली माहिती टाइलवर उमटायला थोडा वेळ लागतो, पण ती उमटते. मग ‘आमचं गाव’ उघडा. लायब्ररी तीच असेल आणि ॲपची एक ओळही बदललेली नसेल. तरीही त्या फिकट चौकोनावर तुमच्या वाडीचं नाव आलेलं असेल, आणि ते तुम्ही लिहिलेलं असेल.

मग कधी निघताय फेरीला? येत्या रविवारीच निघा की!