स्थानिक म्हणजे कुणाचे?

जागतिकीकरणाचा धडा शिकवताना आमच्या वर्गात एक वाक्य हमखास येते : परदेशी फास्ट फूडने स्थानिक खाद्यसंस्कृती गिळंकृत केली. मुले ते निमूटपणे उतरवून घेतात. गेल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, ‘सर, स्थानिक म्हणजे कुणाची?’ तासाला मला उत्तर जमले नाही; म्हणून हे लिहितो आहे.

या धंद्याचे मर्म पदार्थात नाही, पद्धतीत आहे. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो येथे मॅकडोनाल्ड बंधूंनी आपल्या हॉटेलातले बहुतेक पदार्थ कमी केले, गिऱ्हाइकापर्यंत खाणे नेणारे नोकर काढले, ताटल्या-चमचे काढले आणि स्वयंपाकघरात कारखान्यासारखी कामाची वाटणी केली. एकाने फक्त मांसाची टिक्की भाजायची, दुसऱ्याने फक्त पाव भरायचा. अशा ठिकाणी मुरलेला आचारी लागत नाही, म्हणून ही पद्धत कुठेही नेता येते. १९९० मध्ये ती मॉस्कोतही गेली.

पद्धत तीच ठेवून पदार्थ मात्र बदलता येतो. १९९६ मध्ये ही कंपनी दिल्ली-मुंबईत आली ती गोमांस मागे ठेवून. डुकराचे मांसही नव्हते. मटणाचा ‘महाराजा मॅक’ आला, बटाट्याची टिक्की आली, बिनअंड्याचे मेयोनीज आले. स्वयंपाकघराचे दोन भाग झाले आणि शाकाहारी भागातल्या कामगारांना हिरवे एप्रन मिळाले. २०१२ मध्ये कटरा आणि अमृतसर येथे निव्वळ शाकाहारी दुकाने काढण्याचे जाहीर झाले. मग इथे कुणी कुणाला गिळले?

शाकाहारी माणसाची फसवणूक होऊ नये, हे मला मान्यच आहे. अमेरिकेत वनस्पती तेलात तळलेले म्हणून सांगितलेल्या फ्राइजमध्ये गोमांसाचा स्वाद वापरल्याबद्दल २००१ मध्ये खटला झाला. कंपनीने माफी मागितली, २००२ मध्ये एक कोटी डॉलर मोजायचे कबूल केले. ते योग्यच झाले. माझी हरकत हिशेबाला आहे. २०१४ च्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीत पंधरा वर्षांवरील दर दहांपैकी सुमारे सात माणसे मांसाहारी निघाली. त्यांत दलित, आदिवासी, मुसलमान, ख्रिस्ती असे गोवंशाचे मांस खाणारेही आहेत. परंतु ‘भारतीय रुची’ ठरवताना ज्यांचा विटाळ बाजाराला महाग पडतो, त्यांचीच रुची मोजली गेली. कंपनीने मनुस्मृती वाचली नव्हती. तिने गल्ला पाहिला.

आमच्या घरी दोरीवर चान्या वाळत. सवर्ण गुरुजी येणार असले की आई दोरी आत घेई. ती चव काही अमेरिकेने हिरावली नाही. गाईच्या कत्तलीवर महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ त्याच वर्षी आले, आणि मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवरचे पदार्थ पुस्तकात उतरले.

तरीही दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. गावच्या हॉटेलात माझ्या वडिलांचा कप वळचणीला वेगळा असे, तो त्यांनाच विसळावा लागे. शहरातल्या त्या काउंटरवर कागदी पेला सर्वांना सारखा, पिऊन फेकायचा. रांगेत जो आधी, त्याला आधी. शिष्यवृत्तीचे पैसे हातात पडले की माझे विद्यार्थी तिथे जातात. त्यांना चंगळवादी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पुढे जात विचारत नाहीत, मागे स्वयंपाकघर मात्र सोवळ्याच्या सोयीने आखलेले. या दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली नांदतात.

यंदा मी मुलांना आपापल्या घरचा एक पदार्थ कृतीसह लिहून आणायला सांगितला. तास संपल्यावर चौघेजण थांबले. एकाने हळूच विचारले, ‘सर, खरा लिहायचा?’