श्रमस्थळाची व्याख्या आणि श्रमिकाचे संरक्षण : राष्ट्रीय सुरक्षाधोरण व हिंगोली जिल्हा

श्रमिकाच्या जीविताचे व आरोग्याचे रक्षण करणे हे आधुनिक राज्याचे एक प्रमुख कर्तव्य मानले जाते. श्रमिक स्त्रीपुरुषांच्या आरोग्याचा व बळाचा दुरुपयोग होऊ नये, असा निदेश भारतीय संविधानाच्या ३९ व्या अनुच्छेदात आहे. तर ४२ व्या अनुच्छेदात कामाची परिस्थिती न्याय्य व मानवोचित असावी, असे म्हटले आहे. श्रमिकाचे आरोग्य हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ साली ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या प्रकरणी दिला. या निदेशांत कारखान्यातील श्रमिक व शेतातील श्रमिक असा भेद केलेला नाही.

परंतु निदेशाचे कायद्यात रूपांतर होताना एक अडचण उभी राहते. कर्तव्य कोणाचे आणि ते कोठे पाळावयाचे, हे कायद्याला प्रथम ठरवावे लागते. त्यासाठी 'कारखाना', 'आस्थापना' अशा संज्ञांच्या व्याख्या कराव्या लागतात. आणि व्याख्येची रेषा जेथे संपते तेथेच संरक्षणाचीही सीमा संपते. ही रेषा आजवर कोठकोठे सरकली हे पाहून ती हिंगोली जिल्ह्यातील श्रमास लावली, तर राष्ट्रीय धोरणाचे सामर्थ्य आणि त्याची उणीव ही दोन्ही स्पष्ट होतात.

१. संख्येची कसोटी

भारतातील पहिला कारखाना अधिनियम १८८१ साली झाला. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक माणसे कामास असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता. वर्षातून चार महिन्यांपेक्षा अधिक काळ न चालणारे हंगामी कारखाने त्यातून वगळलेले होते. या सवलतीचा परिणाम खानदेशातील कापसाच्या जिनिंग कारखान्यांत दिसून आला. हंगामात तेथे रात्रंदिवस काम चाले व त्यात स्त्रियांचा भरणा मोठा असे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या शासनापुढे मांडल्या, तेव्हा कायद्याच्या सुधारणेस चालना मिळाली. १८९१ च्या अधिनियमाने शंभरांची मर्यादा पन्नासांवर आणली. हंगामी कारखाने मात्र १९११ सालीच कायद्याच्या कक्षेत आले. पुढे १९२२ साली मर्यादा वीस झाली. आणि १ एप्रिल १९४९ पासून अमलात आलेल्या १९४८ च्या अधिनियमाने ती यांत्रिक शक्ती असल्यास दहा व नसल्यास वीस अशी ठरविली.

शंभर, पन्नास, वीस, दहा असा हा उतरता क्रम ६७ वर्षे चालला. २०२० च्या 'व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिते'ने तो उलट फिरविला. या संहितेत कारखान्यासाठी यांत्रिक शक्ती असल्यास वीस व नसल्यास चाळीस कामगारांची अट आहे. याच्या जोडीला 'आस्थापना' ही अधिक व्यापक संज्ञा योजिली असून तिच्यासाठी सामान्यतः दहा कामगारांची अट आहे. शासनाने धोकादायक म्हणून अधिसूचित केलेल्या व्यवसायास मात्र संख्येची अट लागत नाही. हा अपवाद महत्त्वाचा आहे. त्याचा विचार पुढे केला आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली व तिने १३ जुन्या अधिनियमांची जागा घेतली.

२. आपत्तीमागून येणारा कायदा

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय धोरणाचा विस्तार सलग आखणीपेक्षा आपत्तींच्या अनुरोधाने अधिक झाला. १९५८ साली केरळ व मद्रास राज्यांत कीटकनाशकाने दूषित झालेल्या अन्नामुळे शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली; त्यानंतर १९६८ साली कीटकनाशक अधिनियम झाला. मळणीयंत्रांत हात गमावणाऱ्या श्रमिकांची संख्या वाढली, तेव्हा १९८३ साली धोकादायक यंत्रे (विनियमन) अधिनियम करण्यात आला. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाना अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण समाविष्ट झाले. दरम्यान ४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली होती. १९७२ पासून तो दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो.

या सर्व प्रयत्नांना एका सूत्रात गुंफणारे 'कार्यस्थळावरील सुरक्षा, आरोग्य व पर्यावरणविषयक राष्ट्रीय धोरण' २० फेब्रुवारी २००९ रोजी जाहीर झाले. सुरक्षाविषयक सर्वंकष कायदे देशात खाणी, कारखाने, बंदरे व बांधकाम या चारच क्षेत्रांत आहेत, ही गोष्ट त्या धोरणाने मान्य केली. पाचवे क्षेत्र शेतीचे. आणि देशातील सर्वांत मोठा श्रमिकवर्ग तेथेच आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना शेतीची गणना खाणकाम व बांधकाम यांच्याबरोबर सर्वाधिक धोक्याच्या तीन क्षेत्रांत करते. २००१ साली तिने शेतीतील सुरक्षा व आरोग्य यांविषयी १८४ क्रमांकाचा स्वतंत्र करार संमत केला. २०२० च्या संहितेत मात्र कारखाने, खाणी, बांधकाम, विडी-सिगार, मळे, कंत्राटी व आंतरराज्य स्थलांतरित श्रमिक यांविषयी विशेष तरतुदी असल्या, तरी शेतीसाठी स्वतंत्र प्रकरण नाही.

३. हिंगोलीतील श्रमाचे स्वरूप

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११,७७,३४५ असून तीपैकी सुमारे ८५ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. वसमतच्या पूर्णा सहकारी साखर कारखान्यासारखे मोठे उद्योग थोडेच आहेत. अशा कारखान्यात प्रवेशद्वारावर हजेरी होते, यंत्रांना संरक्षक जाळ्या असतात, निरीक्षक येतो, अपघाताची नोंद होते. त्याच कारखान्यात गाळला जाणारा ऊस तोडणारा श्रमिक मात्र या प्रवेशद्वाराबाहेर असतो. त्याचा मालक कोण, हाच प्रथम प्रश्न पडतो : शेतकरी, कारखाना की उचल देणारा मुकादम?

ऊसतोडीसाठी जिल्ह्यातून बाहेर जाणाऱ्या कुटुंबांची स्थिती याहून नाजूक आहे. संहितेतील 'आंतरराज्य स्थलांतरित' या संज्ञेसाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणे आवश्यक आहे. त्यामुळे सेनगावचे एखादे जोडपे कर्नाटकात गेले तर ते या संज्ञेत येऊ शकते. कोल्हापूरला गेले तर येत नाही. कोयता तोच, मोळीचे ओझे तेच, उघड्यावरील खोपही तीच. पण एका सीमारेषेमुळे कायद्यातील स्थान बदलते.

हळद हे या जिल्ह्याचे वैभव होय. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वसमत येथे बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हळद मंडळाची अधिसूचना काढली. पिकाला राष्ट्रीय मान्यता लाभली असली, तरी ते तयार करणाऱ्या श्रमाला तशी ओळख लाभलेली नाही. काढलेली हळद शिजवावी लागते, उन्हात वाळवावी लागते व नंतर फिरत्या पिंपात घासून तिला झळाळी आणावी लागते. पूर्वी हळद उघड्या कढईत शिजवीत. आता वाफेवर शिजविणारी यंत्रे शेतोशेत भाड्याने फिरतात. पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान सुमारे १,६०० पट होते. वाफेची वाट तुंबली तर भांड्यातील दाब झपाट्याने वाढतो, आणि म्हणूनच दाबमापक, सुरक्षा-झडप व पाण्याची पातळी दाखविणारी नळी या तीन गोष्टी अशा यंत्रास अत्यावश्यक ठरतात. बाष्पकांविषयीचा १९२३ चा कायदा व त्याच्या जागी आलेला २०२५ चा कायदा यांत बाष्पकांच्या तपासणीची व्यवस्था आहे; परंतु प्रति चौरस सेंटिमीटर एक किलोग्रॅमपेक्षा कमी दाबाची यंत्रणा त्या कक्षेबाहेर राहते. कमी दाबासाठी केलेल्या यंत्राची झडप निकामी झाली म्हणजे दाब कमी राहत नाही, ही गोष्ट व्याख्येत बसत नाही. यंत्राभोवती राबणारी टोळी बहुधा लहान असते. ती आज एका शिवारात तर उद्या दुसऱ्या शिवारात असते. हळद घासताना उडणारी धूळ श्वासावाटे छातीत जाते, पण तिचीही कोठे नोंद होत नाही.

सोयाबीनच्या हंगामात मळणीयंत्राचा प्रश्न येतो. भारतीय मानक ९०२० अन्वये पीक आत सारण्याच्या पन्हळीची लांबी किमान ९०० मिलिमीटर व तिचा झाकलेला भाग किमान ४५० मिलिमीटर असावा लागतो. या मापामागील विचार सोपा आहे : पेंढी आत लोटणाऱ्या माणसाचा हात फिरत्या दात्यांपर्यंत पोहोचताच कामा नये. येथे कायद्याने माणसे मोजली नाहीत, यंत्र मोजले. म्हणून हा नियम एकट्याने काम करणाऱ्यासही उपयोगी पडतो.

फवारणीविषयीही तसेच म्हणता येईल. कीटकनाशक नियम, १९७१ यांत फवारणी करणाऱ्यांसाठी संरक्षक पोशाख, श्वसनसाधने व वैद्यकीय तपासणी यांची तरतूद आहे. तरीही २०१७ साली हिंगोलीच्या सीमेलगतच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. नियम होता, पण रोजंदारीवर फवारणी करणाऱ्याची तपासणी कोणी करावयाची व न केल्यास जाब कोणाला विचारावयाचा, हे शेताच्या बांधावर ठरलेले नव्हते.

४. गुंज येथील दुर्घटना

४ एप्रिल २०२५ रोजी वसमत तालुक्यातील गुंज या गावच्या स्त्रिया ट्रॅक्टर-ट्रॉलीतून शेतमजुरीसाठी निघाल्या होत्या. नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात ती ट्रॉली विहिरीत कोसळली आणि सात स्त्रिया मृत्यू पावल्या. पंतप्रधान साहाय्य निधीतून मृतांच्या वारसांना प्रत्येकी २ लाख रुपये जाहीर झाले. राज्य शासनानेही साहाय्य घोषित केले. हे साहाय्य उचितच होते. परंतु साहाय्य व हक्क यांत भेद आहे. साहाय्य घटनेची वार्ता सर्वत्र पोहोचल्यावर मिळते. हक्क एकटीच्या, कोणाच्या नजरेस न आलेल्या अपघातातही मिळावयास हवा.

असा हक्क कायद्यात अगदीच नाही असे नव्हे. १९२३ च्या भरपाई अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत, ट्रॅक्टर किंवा यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या साधनांनी केल्या जाणाऱ्या शेतीतील श्रमिकांचा उल्लेख होता. मृत्यूच्या प्रसंगी मासिक वेतनाच्या ५० टक्क्यांस वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणून भरपाई काढावी, असा त्याचा नियम होता. कामावर जाता-येतानाचा अपघातही, कामाशी त्याचा संबंध सिद्ध झाल्यास, भरपाईस पात्र ठरावा, अशी तरतूद सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने केली आहे. सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०२५ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील साखर कारखान्याच्या एका पहारेकऱ्याच्या प्रकरणी जुन्या अधिनियमाचा असाच अर्थ लावला. पण त्या पहारेकऱ्याला मालक होता, पाळी होती, हजेरीपट होता. ट्रॉलीत बसून जाणाऱ्या मजूर स्त्रीजवळ यांतील एकही कागद नसतो. कोणाच्या शेतावर, किती मजुरीने, किती दिवस, हे सर्व तोंडी ठरते. आणि जे तोंडी ठरते ते मृत्यूनंतर सिद्ध करणे कुटुंबास दुष्कर होते.

राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपये देते. तिचा आधार वहितीधारक खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एक सदस्य हा आहे. ज्या श्रमिकाच्या नावे सातबारा नाही तो येथेही रेषेबाहेर राहतो. अशा रीतीने कारखान्याची व्याख्या माणसांच्या संख्येवर, स्थलांतराची व्याख्या राज्यसीमेवर व शेतकऱ्याची व्याख्या जमिनीच्या नोंदीवर उभी असल्यामुळे भूमिहीन शेतमजूर स्त्री तिन्हींतून निसटते.

५. उपायांची दिशा

प्रत्येक शेताला कारखान्याचे सर्व नियम लावणे शक्यही नाही व इष्टही नाही. दोन एकरांच्या धन्याला नोंदवह्यांच्या ओझ्याखाली दडपल्याने मजुराचे रक्षण होणार नाही. वरील विवेचनातून सूचित होणारी दिशा वेगळी आहे : शेतीच्या बाबतीत संख्येऐवजी धोका ही कसोटी मानावी.

संहितेतील अधिसूचनेचा अपवाद यासाठी उपयोगी पडण्याजोगा आहे. वाफेवर हळद शिजविणे, यांत्रिक मळणी व विषारी कीटकनाशकांची फवारणी ही कामे धोकादायक म्हणून अधिसूचित झाली, तर त्यांच्यापुढील संख्येची अट दूर होऊ शकते. दुसरे असे की, जबाबदारी यंत्राबरोबर चालावी. हळदीचे शिजवणी-यंत्र व मळणीयंत्र भाड्याने देणारे तालुक्यात मोजके असतात. हजारो शेतांपेक्षा त्यांच्या यंत्रांची हंगामापूर्वी तपासणी करणे सुकर आहे. तिसरे, मजुरांच्या टोळीची साधी दैनिक नोंद ग्रामपंचायतीत ठेवली गेली, तर भरपाईच्या प्रकरणी सर्वांत दुर्मिळ असा पुरावा आपोआप तयार होईल. चौथे, ग्रामीण रुग्णालयांत भाजणे, हात अडकणे, विषबाधा अशा रुग्णांची नोंद करताना 'कामावर असताना' हा एक रकाना वाढविला, तर जिल्ह्यातील शेतीअपघातांचे स्वरूप प्रथमच आकड्यांत दिसेल. जे मोजले जात नाही त्याचे धोरण होत नाही, हा २००९ च्या राष्ट्रीय धोरणाने माहितीसंकलनावर दिलेल्या भराचा आशय होय.

जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सुरक्षित व आरोग्यपूर्ण कार्यपरिस्थितीचा समावेश श्रमिकांच्या मूलभूत हक्कांत केला. ४ एप्रिल २०२५ च्या सकाळी गुंज गावातून निघालेली ट्रॉली हे त्या दिवसापुरते त्या स्त्रियांचे श्रमस्थळच होते. राष्ट्रीय धोरणाची व्याख्या त्या ट्रॉलीपर्यंत, हळदीच्या भट्टीपर्यंत व उसाच्या फडापर्यंत पोहोचेल, तेव्हाच संविधानातील निदेश हिंगोलीच्या शिवारात अमलात आला असे म्हणता येईल.