२००० खोकी आणि एक रेकॉर्ड: आधी ऑर्डर, मग माल



मागच्या मे महिन्यात वेळणेश्वरला माझ्या दुकानात मुंबईचा एक पाहुणा आला. कोकम आगळ घेतलं आणि हातातलं मोठं चौकोनी पाकीट पुढे करून म्हणाला, "ताई, समुद्रावर जाऊन येईपर्यंत हे सावलीत ठेवाल का? गाडीत उन्हानं वाकडं होईल."

आत होती रेकॉर्ड. आजोबांच्या काळातली तबकडी असते ना, तीच. पण गाणी नवी. कोलकात्याच्या पारेख अँड सिंग या जोडीचा 'ओशन' हा अल्बम, लंडनच्या पीसफ्रॉग रेकॉर्ड्सने २०१६ साली काढलेला. संथ, स्वप्नात असल्यासारखं इंडी संगीत.

मी विचारलं, "ही गाणी मोबाईलवर नाहीत का?"

"आहेत की! पण मोबाईलवर मी सारखी गाणी बदलतो. ही लावली की एक बाजू संपेपर्यंत जागचा उठत नाही."

एक बाजू म्हणजे साधारण २० ते २२ मिनिटं. त्यासाठी हा माणूस पैसे मोजतो!

आता बाजार बघा. अमेरिकेत २०२२ मध्ये सीडीपेक्षा रेकॉर्ड जास्त विकल्या गेल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच. पण आपल्या मुंबईत काळा घोड्याचं रिदम हाऊस, १९४८ पासूनचं नावाजलेलं दुकान, २०१६ मध्ये बंद झालं. म्हणजे ग्राहक आहे, पण मोजका आहे. मग छोट्या बँडने रेकॉर्ड काढायच्या तरी किती?

इथेच आपला धडा आहे. रेकॉर्ड छापायची तर आधी साचा बनवावा लागतो. १०० छापा नाही तर ५००, साच्याचा खर्च तोच. समजा, हा ठरलेला खर्च १ लाख आणि पुढे प्रत्येक रेकॉर्डला ८०० रुपये. (आकडे फक्त हिशोब समजायला घेतलेत.) १०० छापल्या तर एक पडते १,८०० रुपयांना. ५०० छापल्या तर १,००० रुपयांना.

लगेच वाटतं, ५००च छापू, स्वस्त पडतंय! पण २,००० रुपये भावाने १२०च विकल्या तर? आले २ लाख ४० हजार, गेले ५ लाख. उरलेल्या ३८० रेकॉर्ड घरात पलंगाखाली. उलट १०० छापून सगळ्या विकल्या असत्या, तर २० हजार सुटले असते.

हसू नका, मी हेच केलंय. बीबीए करून दुकान टाकलं, कॉस्टिंगचा पेपर चांगला गेला होता. तरी खोकी छापताना फसले. ५०० खोक्यांना १८ रुपये भाव, २००० घेतली तर ९ रुपये. मी २००० घेतली, १८ हजार मोजले. सीझनमध्ये ६०० वापरली. मग आला आपला कोकणातला पाऊस. बाकीच्या खोक्यांना ओल लागली, बुरशी धरली, फेकावी लागली. म्हणजे खोकं मला ९ ला नाही, ३० रुपयांना पडलं! त्या पावसाळ्यात पुढचा माल भरायला हातात पैसे नव्हते. घरात कुणी काही बोललं नाही, पण मला रोज ती खोकी दिसायची.

म्हणून अनेक छोटे बँड काय करतात, ते शिका. आधी चाहत्यांकडून ऑर्डर आणि पैसे घेतात, मग छापायला टाकतात. शिवाय सगळा माल निघण्याआधी एक नमुना रेकॉर्ड मागवून पूर्ण ऐकतात. अशा संथ संगीतात जरा खरखर झाली तरी लगेच कानाला टोचते ना!

मी आता आंबापोळीचं असंच करते. मार्चमध्ये जुन्या ग्राहकांना व्हॉट्सअ‍ॅपवर विचारते, निम्मे पैसे आगाऊ घेते आणि तेवढ्याच ऑर्डरीवर थोडा जास्त माल करते. नग थोडा महाग पडतो, पण पैसा अडकत नाही.

तुमच्याकडे आज एक काम. घरात पडलेला माल मोजा. झालेला सगळा खर्च फक्त विकल्या गेलेल्या नगांनी भागा. येईल तो तुमचा खरा भाव. आकडा कमेंटमध्ये लिहा, लाजू नका. माझा वर लिहिलाच आहे!

भेटू पुढच्या व्हिडिओत.